रजनी मॅडमचे न ऐकलेले तास

मंगळवार होता. परीक्षेच्या पर्यवेक्षणाची पाळी संपवून मी स्टाफरूममध्ये येऊन टेकलो होतो. गुडघे बोलत होते आणि समोरच्या चहावर साय धरली होती. तेवढ्यात विभागाच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘रजनी मॅडम आज सकाळी गेल्या. अंत्यविधी दुपारी दोन वाजता.’ खाली लगेच जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही हात जोडले. गेले तीन महिने त्या पोटाच्या दुखण्यानं रजेवर होत्या, शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे बातमी अगदीच अचानक होती असं म्हणता येणार नाही. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही. मला आधी एक कागद आठवला.

तो कागद मी पंधरा दिवसांपूर्वी सही करून दिला होता. आमच्या महाविद्यालयातून नोकरी करणाऱ्यांसाठी वाणिज्य शाखेची ऑनलाइन पदवी चालते. चाकण, महाळुंगे, भोसरी इथल्या कंपन्यांमधली माणसं ती करतात. त्यातली सगळी रेकॉर्ड केलेली व्याख्यानं एकसारख्या दर्जाची असावीत असं महाविद्यालयाच्या समितीच्या मनात आलं, आणि प्रत्येकाची व्याख्यानं दुसऱ्या शिक्षकानं ऐकून तपासायची ठरली. संख्याशास्त्राचे आम्ही दोघंच. त्यामुळे माझी व्याख्यानं त्यांच्याकडे गेली आणि त्यांची चाळीस माझ्याकडे आली. फॉर्ममध्ये विषयज्ञान, भाषा, तांत्रिक दर्जा असे रकाने होते, आणि सगळ्यात खाली एक चौकोन होता, ‘सर्व व्याख्याने पूर्ण ऐकली आहेत’. कारखान्यातले, बोलीतले शब्द कानावर पडले म्हणून मी भाषेपुढे ‘असमाधानकारक’ लिहिलं, चौकोनात बरोबरची खूण केली आणि सही ठोकून मोकळा झालो. ऐकली किती होती? पहिल्यातली दहा मिनिटं, आणि मग व्हिडिओखालच्या पट्टीवर इथं-तिथं बोट सरकवून... सगळं मिळून अर्धा तास धरा. माझ्या त्या अभिप्रायावर मॅडमची व्याख्यानं पुढच्या सत्रापासून काढून टाकणार होते. रजेवर जाताना त्या मला एवढंच म्हणाल्या होत्या, ‘सर, सही करायच्या आधी एकदा पूर्ण ऐका. मग काय वाटेल ते लिहा.’ आणि मी म्हणालो होतो, ‘ऐकतो हो.’

का ऐकली नाहीत, याला माझ्याकडे धड उत्तर नाही. त्यांच्याशी माझं वैर नव्हतं. कंटाळा आला होता. तीस वर्षं शिकवून झाली की माणसाला कशाचाच राग येत नाही आणि कशाचं अप्रूपही वाटत नाही. रोज एक नवी लिंक, नवा पासवर्ड, आठवड्याला एक नवा फॉर्म. मी लिहिलं काय आणि न लिहिलं काय, काही फरक पडत नाही, असं म्हणत मी बरीच वर्षं सह्या करत आलो आहे.

रजनी मॅडमना मी बारा-तेरा वर्षं ओळखत होतो. त्या पिंपरीतल्याच. वडील, त्यांचे अण्णा, एका कारखान्याच्या फाउंड्रीत होते, राहणं कामगार वसाहतीत. वसाहतीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी मुलांची अभ्यासिका भरायची, तिथं त्या सातवीत असताना पाचवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवायच्या. ‘पगार म्हणून दोन बिस्किटं मिळायची सर, आणि एखाद्याला समजलं नाही तर तो सरळ उठून खेळायला जायचा. त्यामुळे समजेल असंच शिकवावं लागायचं,’ असं त्या सांगत. बुटक्याशा, भरभर चालणाऱ्या, खांद्यावर त्यांच्या वजनाला न शोभणारी जड पर्स. डब्यात शेंगदाण्याची इतकी तिखट चटणी असायची की एकदा चाखल्यावर मी दोन तास नीट बोललो नव्हतो. जीभही तशीच होती. मला मीटिंगमध्ये मान खाली घालून बसलेला पाहिला की हळूच विचारायच्या, ‘सर, तुम्हाला रिटायर होऊन किती वर्षं झाली? अजून नाही झालात? मग असे का बसलाय?’

ऑनलाइन पदवी सुरू झाली तेव्हा वेळापत्रक मी लावलं होतं. नोकरी करणारी माणसं म्हणून तास रविवारी ठेवले. पहिल्या महिन्यात निम्मा वर्ग गायब. मी अहवालात लिहिलं, ‘विद्यार्थ्यांमध्ये गांभीर्याचा अभाव’. मॅडमनी अहवाल वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. ‘अहो सर, इकडच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. यांचा रविवार गुरुवारी येतो. आमचे अण्णा जन्मभर गुरुवारी मटण आणायचे.’ मी या शहरात पंचवीस वर्षं राहतोय. गुरुवारी भोसरीचे रस्ते मोकळे असतात, हे मला ठाऊक होतं. त्याचा आणि माझ्या वेळापत्रकाचा काही संबंध असेल असं मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. तास गुरुवारी घेतले आणि गांभीर्य आपोआप आलं.

मग नावांचं प्रकरण. आमच्या पोर्टलवर विद्यार्थ्याचं नाव आडनावापासून सुरू होतं, पुढं नाव, वडिलांचं नाव, क्रमांक. मॅडमनी पहिल्याच तासाला वर्गाला सांगितलं, ‘ज्या नावानं हाक मारलेली तुम्हाला आवडते, तेवढंच नाव स्क्रीनवर ठेवा.’ मी समन्वयक म्हणून त्यांच्या तासात डोकावलो तर स्क्रीनवर ‘दत्ता’, ‘सुवर्णा’, ‘बाळू दोन’, आणि एक चक्क ‘आरोहीची मम्मी’. मी नंतर त्यांना म्हणालो, मॅडम, हा पदवीचा वर्ग आहे, बारसं नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘सर, आडनाव वाचून समोरच्याचा चेहरा बदलताना तुम्ही कधी पाहिलाय? नसेल पाहिला. मी शाळेपासून पाहतेय. इथं तर चेहराही दिसत नाही, मग माणूस मनातल्या मनात कल्पना करत बसतो, की आता बदलला असेल... त्यात अर्धा तास जातो.’ माझ्या आडनावापाशी आजवर कुणी थबकलेलं नाही. त्यामुळे हे मला सुचणं शक्यच नव्हतं, आणि त्यांनी सांगितल्यावरही मी ते वहीत लिहून ठेवण्यापलीकडं काही केलं नाही.

हजेरीवरूनही आमचं वाजलं. कॅमेरा सुरू असेल तरच हजेरी, असा नियम होता. एका गुरुवारी मी तासात शिरलो आणि आवाज चढवून म्हणालो, ‘सुवर्णा, कॅमेरा ऑन करा, नाहीतर गैरहजर लावीन.’ पलीकडून भांड्यांचा आवाज आला, मग दबका स्वर, ‘सर, सासरं हितंच बसल्यात. आमी ऐकतोय समदं, पन तोंड न्हाई दाखवता यायचं.’ आणि ती वर्गातून निघून गेली. सुवर्णा चऱ्होलीची, जुन्या गावकरी घरातली सून. आजूबाजूच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, घरात गाड्या आल्या, पण सुनेनं ओट्यापाशी फोन टेकवून परपुरुषांच्या वर्गात बसायचं, हे त्या घराच्या पचनी पडलेलं नव्हतं. मॅडमनी तिला फोन करून परत आणलं आणि मला सुनावलं ते वेगळं. पुढच्या तासापासून त्यांची हजेरीच बदलली. तास संपताना प्रत्येकानं एक ओळ लिहायची, आज काय कळलं नाही. ज्यानं लिहिलं तो हजर. ‘सगळं कळलं’ असं लिहिणारा गैरहजर. सुवर्णानं एकदा लिहिलं होतं, ‘सरासरी काढता आली, पण ती कुणाची ते न्हाई कळलं.’ मॅडमनी ती ओळ मला स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाल्या, ‘या एका ओळीवर मी पुढचे तीन तास घेणार आहे.’ घेतलेही.

या सगळ्याला हल्ली एक मोठं नाव आहे. विद्यार्थ्याची भाषा, त्याचं घर, त्याचं काम ओळखून शिकवणं, अशा अर्थाचं. त्यावर आमच्याकडे दोन दिवसांची कार्यशाळाही झाली, बाहेरून तज्ज्ञ आले, फाइल आणि पेन मिळालं. रजनी मॅडम मागच्या बाकावर बसून त्या ‘काय कळलं नाही’च्या ओळी वाचत होत्या. समारोपात अभिप्राय विचारला तेव्हा म्हणाल्या, ‘जेवण चांगलं होतं.’

आता ती गोष्ट, जिच्यापाशी मला पोचायचं आहे आणि जी टाळत मी इथवर आलो. परिकल्पना चाचणी नावाचा एक भाग संख्याशास्त्रात असतो. घाबरू नका, गोष्ट सोपी आहे. समजा, कारखान्यात नवी पद्धत आणली. तिच्यामुळे माल सुधारला का, हे तपासायचं आहे. तर आधी असं धरून चालायचं की काहीच फरक पडलेला नाही. मग आकडे मांडायचे. आकडे जर म्हणाले की फरक पडलाय, तर आपलं आधीचं म्हणणं ‘रिजेक्ट’ करायचं. म्हणजे नवी पद्धत चांगली ठरली की उत्तराच्या शेवटी ‘रिजेक्ट’ हा शब्द यायला हवा. पहिल्या वर्षीच्या परीक्षेत मी पेपर तपासले. गणित बहुतेकांचं अचूक. शेवटच्या ओळीत मात्र एकामागून एक सगळ्यांनी लिहिलेलं, ‘नवी पद्धत चांगली आहे, म्हणून ॲक्सेप्ट’. मला वाटलं सामुदायिक कॉपी आहे. मी सरळ गुण कापले. काही जण त्या गुणांनी नापास झाले, त्यात दत्ताही होता.

मॅडम पेपरांचा गठ्ठा घेऊन माझ्यापुढं उभ्या राहिल्या. ‘सर, एवढी माणसं एकच चूक करतात म्हणजे ती चूक त्यांची नाही. त्यांना विचारायला हवं.’ विचारून काय होणार, असं माझं म्हणणं. तरी त्यांनी मला गाडीत घालून, म्हणजे माझ्याच गाडीत घालून, महाळुंग्याला नेलं. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. एका कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर आम्ही थांबलो. धूळ, ट्रेलरांची रांग, आणि कागदी कपात फार गोड चहा. दत्ता गळ्यातलं ओळखपत्र खिशात कोंबत आला. परभणीकडचा, कंत्राटी तपासनीस, महाळुंग्यातल्याच एका खोलीत सहा जणांत राहणारा. मॅडमनी त्याला आधी खायला घातलं, मग विचारलं, ‘दत्ता, गणित तर बरोबर आलं होतं. शेवटी ॲक्सेप्ट का लिहिलंस?’

‘मॅडम, माल सुधारला ना नव्या पद्धतीनं?’ दत्ता गोंधळून म्हणाला. ‘मग चांगल्या मालाला रिजेक्ट कसं लिहावं? आमच्याकडं चांगला पीस ॲक्सेप्ट, हिरवा टॅग. खराब पीस रिजेक्ट, लाल पेटी. पुस्तकात उलटंच लिहायलेत असं वाटलं मला.’

मी घाईनं त्याला समजावायला लागलो, तर मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवून मला गप्प केलं. त्यांनी पुढं विचारलं, ‘तू कामावर रिजेक्ट कधी लिहितोस?’ दत्तानं कप खाली ठेवला. ‘शक्यतो लिहीतच नाही मॅडम... एकदा रिजेक्ट लिहिलं की पूर्ण लॉट लाल पेटीत. मग कुणाच्या मशीनचा माल, कोण व्हता शिफ्टला, नाव काढतेत. कंत्राटी असला की दुसऱ्या दिवशी गेटवरून वापस. माझ्या खोलीवरचाच एक गेला की तसा. लिहिणारा मीच व्हतो.’ मग जरा वेळानं म्हणाला, ‘आता मी होल्ड लिहितो. पिवळा टॅग. मोठे साहेब येऊन बघतेत, मग काय ते ठरतं.’

परतताना आम्ही चाकणच्या चौकात नेहमीसारखे अडकलो. मी गियरवर हात ठेवून बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, ‘सर, आपण ज्या एका शब्दाचे गुण कापले, त्या शब्दानं त्याच्या खोलीतला माणूस गेलाय.’ पुढच्या गुरुवारी त्यांनी तो भाग पुन्हा पहिल्यापासून शिकवला, असं मला मुलांकडून कळलं. ‘तुम्ही पीस रिजेक्ट करत नाही आहात. माणूस तर मुळीच नाही. "काही फरक पडत नाही" हे वाक्य तुम्ही रिजेक्ट करताय. पुरावा असेल तर बिनधास्त करा, त्यानं कुणाचं काम जात नाही. पुरावा कमी पडला, तर ते वाक्य होल्डवर ठेवा.’ मी हा विषय तीस वर्षं शिकवतोय. इतकं स्वच्छ वाक्य माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही.

गुण वाढवा असं त्यांनी मला कधी म्हटलं नाही, हे नमूद करायला हवं. परीक्षेत बरोबर शब्दच लिहिता आला पाहिजे, त्यात सूट द्यायची म्हणजे त्यांना कमी लेखणं झालं, असं त्यांचं मत होतं. ‘पण सर, शिकवताना आपण चुकलो, एवढं तरी म्हणा. वर्गात येऊन एकदा म्हणा.’ मी म्हणालो नाही. अभ्यासक्रम मी बनवला नाही, पुस्तक मी लिहिलं नाही, मी कशाला म्हणू? आवाज चढले. मध्येच शिपाई टपाल घेऊन आला आणि भांडण तिथंच थांबलं. दत्तानं पुढच्या सत्रात पुन्हा पेपर दिला आणि चांगल्या गुणांनी पास झाला. आम्ही दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं मिटला.

त्यानंतर त्यांनी ती चाळीस व्याख्यानं घरीच भिंतीवर फळा लावून नव्यानं रेकॉर्ड केली. ती सत्रासत्राला पोर्टलवर चढत गेली, मुलं कंपनीच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, ओट्यापाशी ऐकत गेली. मग तो फॉर्म आला, मग त्यांचं दुखणं.

त्यांना शेवटचं भेटलो ते पिंपळे गुरवच्या त्यांच्या घरी, शस्त्रक्रियेनंतर. जाण्याआधी आठवडाभर असेल. यजमानांनी दार उघडलं. मॅडम खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या, निम्म्या झाल्या होत्या. मी मोसंबी आणली होती. इकडचं तिकडचं बोललो, परीक्षा, पाणीकपात, कोण कुठं बदलून गेलं. मग त्यांनी विचारलं, ‘ऐकलीत का?’ सही करून फॉर्म देऊन मला आठ दिवस झाले होते. मी म्हणालो, ‘हो तर.’ त्यांनी विचारलं, ‘सगळी?’ मी म्हणालो, ‘सगळी. छान झालीयत.’ त्या उशीवरून जरा पुढं सरकल्या. ‘मग... काही बोलायचं नाही तुम्हाला?’ मी म्हणालो, ‘आधी बऱ्या व्हा, मग बोलू सावकाश.’ त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि यजमानांना हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं. चहाबरोबर चटणीची बाटलीही बांधून दिली. आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून एखादं खोटं बोलतो माणूस, असं मी जिना उतरताना स्वतःला सांगितलं.

त्या गेल्यावर दोन आठवड्यांनी दत्ताचा फोन आला. आता तो कायम झाला आहे, आवाजातही जरा वजन आलंय. ‘सर, मॅडमचे लेक्चर काढून टाकणार म्हणतेत, खरं हाय का? आमच्या मागच्या बॅचचे पोरं इचारायलेत.’ मी म्हणालो, समितीचा निर्णय आहे, भाषा वगैरे. ‘पण सर, तपासले तर तुम्हीच ना? तुम्ही सगळे ऐकलेत ना? एकतिसावं ऐकलं असंलच तुम्ही.’ मला हो म्हणवेना आणि नाही म्हणायची लाज वाटली. बसचा हॉर्न वाजला, त्यानं ‘बरं सर, ठेवतो’ म्हणून फोन ठेवला.

मी थेट एकतिसावं लावू शकलो असतो. लावलं नाही. निदान आता तरी त्यांनी सांगितलं होतं तसं ऐकावं, म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. रोज दुपारी दोन व्याख्यानं, जेवण झाल्यावर, वही घेऊन. पहिल्या चार दिवसांतच मला माझ्या फॉर्मची लाज वाटायला लागली. तांत्रिक दर्जाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘ठिकठिकाणी आवाज गेलेला आहे’. बोट सरकवताना मला तशा शांत जागा लागल्या होत्या. प्रत्यक्षात तिथं काय होतं, तर मॅडम प्रश्न विचारायच्या, ‘विचार करा, मी थांबते’ म्हणायच्या, आणि खरोखर थांबायच्या. दहा सेकंद, पंधरा, कधी वीस. पंखा ऐकू येतो. शेजारच्या घरातला कुकर ऐकू येतो. ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला, बसमध्ये पेंगुळलेल्या माणसाला उत्तर सुचायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ त्यांनी रेकॉर्डिंगमध्ये रिकामा ठेवला होता. मी त्याला बिघाड म्हटलं. समोर कुणीही नसताना अशी वाट बघणारा शिक्षक मी तरी दुसरा पाहिलेला नाही... आणि मला त्यांची आठवण येते, फार येते, हे मी इथं सरळ लिहून टाकतो.

समितीला मी पत्र दिलं आहे. व्याख्यानं न ऐकताच ऐकल्याची खूण केली होती आणि माझा अभिप्राय रद्द धरावा, असं त्यात लिहिलं आहे. अध्यक्ष म्हणाले, ‘सर, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, कशाला स्वतःवर ओढवून घेता? त्या तर आता नाहीत.’ मी म्हणालो, पत्राची पोच द्या. व्याख्यानं तूर्त काढणार नाहीत, फेरतपासणी होईल असं सांगतात. कोण करणार ते ठरलेलं नाही. मला त्यातून वगळलं आहे, आणि ते रास्तच आहे. त्यांचा गुरुवारचा तास मात्र सध्या मी घेतो, दुसरं कुणी नाही म्हणून. पहिल्याच तासाला मी वर्गाला म्हणालो की परिकल्पना चाचणीचा भाग शिकवताना आपण चुकलो होतो, आणि गुण कापणारा मीच. आताच्या मुलांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी नम्रपणे ऐकून घेतलं.

पत्र मी दिलं ते एकतिसावं व्याख्यान ऐकलं त्या दुपारी. त्यात परिकल्पना चाचणी आहे. तिसाव्या मिनिटापर्यंत त्या नेहमीसारख्या शिकवतात, लाल पेटी, हिरवा टॅग, सगळं येतं. मग फळ्याकडून वळून कॅमेऱ्याजवळ येतात आणि म्हणतात, ‘हा भाग पहिल्या वर्षी मी चुकीचा शिकवला. पुस्तकाप्रमाणे बरोबर, पण समोर कोण बसलंय ते न बघता. सरांनी गुण कापले ते नियमानं बरोबर होते, त्यांना कुणी बोल लावू नका. चूक शिकवण्याची होती, आणि ती माझी.’ पदर नीट करतात, जरा हसतात. ‘आता हे कधीतरी तपासणीला जाईलच, आणि ऐकतील ते आमचे सरच, संख्याशास्त्राचे आम्ही दोघंच आहोत. सर, इथवर आला असाल तर मला एक फोन करा. आपलं भांडण अर्धं राहिलंय. मी थांबते.’

आणि त्या थांबतात. कॅमेऱ्याकडं बघत, हाताची घडी घालून. पंखा फिरत असतो. मी घड्याळ लावून पाहिलं, बावीस सेकंद आहेत. मग त्या ‘बरं, पुढं जाऊ या,’ म्हणतात आणि फळ्यावर दुसरं उदाहरण लिहायला घेतात.